कोल्हापुरातल्या तालीम मंडळांना खुलं पत्र : दिवसातला एक तास गल्लीला द्या

प्रति,
सर्व अध्यक्ष, वस्ताद आणि कार्यकर्ते,
कोल्हापुरातील तालीम मंडळे आणि तरुण मंडळे

सप्रेम नमस्कार.

मागणं एकच आहे, ते आधीच सांगते. दिवसातला एक तास तुमच्या तालमीची जागा गल्लीतल्या साध्या माणसांना द्या. ज्यांना कुस्ती धरायची नाही, संघात नाव लावायचं नाही, दंड फुगवायचे नाहीत. ज्यांना फक्त दिवसभराचा शीण उतरवून हलक्या डोक्यानं घरी जायचं आहे, अशांना. उद्यमनगरात दिवसभर लेथवर उभा राहिलेला माणूस, गुजरीत मान खाली घालून सोन्याचांदीचं बारीक काम करणारा कारागीर, दुकानात उभ्याउभ्या दिवस काढणारी पोरगी, बारावीच्या वर्षाला असलेलं पोर, निवृत्तीनंतर कुणाला अडचण नको म्हणून कोपऱ्यात गप्प बसून राहणारे आजोबा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे घराघरातल्या बायका. या सगळ्यांसाठी एक तास.

हे पत्र महापालिकेला न लिहिता तुम्हाला का लिहिलं, असं कुणी विचारेल. बागा, पदपथ, पोहण्याचे तलाव ही पालिकेची कामं आहेत आणि ती मागायला आम्ही जातोच. पण कोल्हापुरात गल्लीतलं माणूस अडलं की त्याचे पाय आधी तालमीकडं वळतात. मध्यरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तरी, कुणाच्या घरी मयत झाली तरी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं शहराला वेढा घातला, तेव्हा सरकारी यंत्रणेच्या बरोबरीनं पाण्यात उतरली ती मंडळांचीच पोरं. कुणी म्हातारी माणसं खांद्यावर घेतली, कुणी जेवण पोहोचवलं, कुणी जनावरं सोडवली. त्या दिवसांत कुणी कुणाला विचारलं नाही की तू या तालमीचा आहेस का. संकट आलं की दार आपोआप उघडतं, हे आम्ही पाहिलेलं आहे. आता ज्या ताणासाठी मागते आहे त्याचा पूर डोळ्यांना दिसत नाही, त्याचा पंचनामा होत नाही, पण घराघरात ते पाणी चढलेलं आहे.

मी मंगळवार पेठेत वाढले, लग्न होऊन शिवाजी पेठेत आले. एका कार्यालयात हिशेब लिहिते. मार्च आला की रात्री झोप लागत नाही, लागली तरी तीनला उघडते आणि मग आकडेच डोळ्यांपुढं फिरतात. माझ्या ओळखीतल्या बहुतेक बायकांचं असंच काहीतरी आहे. कुणाचं डोकं दुखतं, कुणाची मान धरते, कुणाला दुपारी उगाच रडू येतं, कुणी लेकरावर ओरडून मग रात्रभर स्वतःला खात बसते. डॉक्टरांकडं गेलं की तपासण्या व्यवस्थित येतात आणि डॉक्टर म्हणतात, ताण कमी घ्या. ताण कमी कुठं जाऊन करायचा, हे मात्र चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

खरं तर या शहरात तो कमी करायच्या जागा पुष्कळ आहेत. पहाटे रंकाळ्यावर जा. धुकं असलं तर संध्यामठ अर्धाच दिसतो, शालिनी पॅलेसवर हळूहळू ऊन चढतं, तांबट कमानीजवळ रोजची मंडळी एकमेकांना हात करत फेरी मारत असतात. कळंबा तलावाच्या बांधावर वारा असतो. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि डोळ्यांदेखत काढलेल्या धारोष्ण दुधाचा पेला फेसासकट तोंडाला लावला की काही काळ तरी दुसरा विचार सुचत नाही. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पाटाकडील असो, दिलबहार असो, खंडोबा असो, प्रॅक्टिस क्लब असो, आपापल्या संघासाठी अख्खी पेठ दीड तास सगळं विसरून ओरडत असते. विश्वचषक आला की गल्लीगल्लीत मेस्सी आणि नेमार यांचे फलक लागतात. देवल क्लबात गाणं असतं. १८५० साली सुरू झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन शांतपणे पेपर वाचता येतो. शनिवार-रविवारी कुणाच्या तरी मळ्यात रस्सा मंडळाची चूल पेटते, तांबडा-पांढरा होतो, हसून हसून पोट दुखतं. या शहराला जगण्याची रग आहे, आणि ती मला मनापासून आवडते.

पण यातल्या किती जागा कुणाच्या वाट्याला येतात, तेही एकदा बघा. रंकाळ्यावर पहाटे फिरायला जायचं तर घरातला डबा कुणी करायचा? संध्याकाळी जायचं तर रिक्षाचे पैसे आणि अंधार पडायच्या आत परतायची घाई. रस्सा मंडळ पुरुषांचं, कट्टा पुरुषांचा, स्टेडियमवरची गॅलरी बहुतेक पुरुषांचीच. फिरत्या पाळीत कारखान्यात राबणाऱ्या माणसाला सुट्टी मिळते त्या दिवशी तो झोपतो, कारण त्याच्याजवळ दुसऱ्या कशासाठी ताकदच उरत नाही. मोकळ्या वेळाला या शहरात पत्ता आहे, पण तो घरापासून लांब आहे. तालीम मात्र गल्लीच्या तोंडाशी आहे. पदर खोचलेल्या बाईला दोन मिनिटांत पोहोचता येईल अशी तेवढी एकच जागा पेठेत आहे, आणि तिथंच ती कधी जात नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी हे शहर घडवलं, असं आपण प्रत्येक भाषणात म्हणतो. त्यांनी खासबागचं मैदान बांधलं, ते १९१२ मध्ये पूर्ण झालं. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं प्राचीन प्रेक्षागार पाहून त्यांच्या मनात ही कल्पना आली, असं सांगतात. मैदानाची रचना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मध्ये कुस्तीचा मातीचा हौद, आणि भोवती चढत गेलेली बैठक. अगदी मागं बसलेल्या माणसालाही हौदातली कुस्ती दिसते, पुढच्या माणसाचं डोकं आड येत नाही. मला यात महाराजांचं मन दिसतं. ज्याच्याजवळ पुढं बसायची ऐपत नाही, त्यालाही खेळ तेवढाच दिसला पाहिजे, ही त्यातली गोष्ट आहे. त्याच मैदानाला लागून त्यांनी नाट्यगृह बांधलं. करमणूक ही सगळ्या रयतेची गरज आहे आणि तिची सोय करणं हे राज्याचं काम आहे, असं मानणारा तो राजा होता.

२०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री ते केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आमच्या गल्लीतली ज्यांनी आयुष्यात कधी तिकीट काढून नाटक बघितलं नसेल, अशी माणसंही तिथं जाऊन उभी राहिली आणि डोळे पुसत परत आली. नाट्यगृहाच्या पुन्हा उभारणीचं काम नंतर हाती घेतलं गेलं. ती रात्र आठवली की मला वाटतं, माणसं काही फक्त इमारतीसाठी रडली नाहीत. चार लोकांबरोबर बसून, घरचं सगळं दोन तास बाजूला ठेवायची एक जागा गेली, त्याचं ते रडणं होतं.

आता तालमीबद्दल. ताण उतरवण्याची विद्या तुमच्याकडं पिढ्यान् पिढ्या आहे, फक्त तिला तुम्ही ते नाव दिलेलं नाही. माणसाला धास्ती बसली की त्याचं शरीर काय करतं? छाती धडधडते, श्वास वरच्यावर होतो, रक्तात साखर चढते, खांदे आणि जबडा आवळतात, हातापायात रक्त धावतं. म्हणजे शरीर लढायला नाहीतर पळायला उभं राहतं. साहेब ओरडला, हप्ता थकला, मुलाचा निकाल लागला, सासूबाईंचा रिपोर्ट आला, शरीराला फरक कळत नाही. ते प्रत्येक वेळी शड्डू ठोकून हौदात उतरतं. आणि समोर जोडच नसते. कुस्ती होतच नाही. माणूस खुर्चीत बसून राहतो, बाई ओट्यापुढं उभी राहते, आणि ती चढलेली रग अंगातल्या अंगात मुरत जाते. रोज, वर्षानुवर्षं. मग रक्तदाब वाढतो, झोप जाते, पित्त होतं, चिडचिड होते.

पैलवानाचं तसं होत नाही. तो ती रग मेहनतीत खर्च करतो. जोर काढतो, बैठका मारतो, जोड धरतो, घाम गाळतो. आणि मेहनत संपली की लाल मातीत अंग टाकून पडून राहतो. ताक, तेल, हळद, लिंबू घालून जपलेली ती गार माती अंगावर ओढून घेतो, श्वास हळूहळू खाली येऊ देतो. मी लहान असताना वडिलांचा डबा द्यायला तालमीच्या दारापर्यंत जायचे, तेव्हा दारातून हे बघितलेलं आहे. एवढी दांडगी माणसं डोळे मिटून इतकी शांत पडलेली, की मला ते नवल वाटायचं.

एडमंड जेकबसन नावाचे एक अमेरिकी डॉक्टर होते. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्यांनी रुग्णांना एक साधी पद्धत शिकवायला सुरुवात केली : अंगातला एकेक स्नायू आधी मुद्दाम आवळायचा आणि मग सैल सोडायचा. असं एकेक करत सगळं अंग. आवळलेलं आणि सोडलेलं यातला फरक शरीराला कळला की मनही सुटतं, हा त्यांचा अनुभव, आणि आजही ही पद्धत जगभर वापरली जाते. आपल्या तालमीत आधी जोर आणि मग मातीत पडणं हे त्याच वाटेनं जातं. श्वासाचंही तसंच. श्वास घ्यायला जेवढा वेळ लावतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला, चार आकड्यांत घेतला आणि सहा-आठ आकड्यांत सोडला, की हृदयाचे ठोके उतरतात. याला यंत्र लागत नाही, वर्गणी लागत नाही. चालण्याचंही आहेच. मोठ्या माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं, दम थोडा वाढेल इतपत हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच दिवस अर्धा-अर्धा तास धरला की झालं. एवढं आमच्या गल्लीतल्या किती बायकांना मिळतं? घरकामात हालचाल होतेच की, असं म्हणणारे भेटतात. होते. पण ती कंबर वाकवून, घाईत, मनात पुढचं काम मोजत केलेली असते. तिच्यात मान वर करून मोठा श्वास घ्यायची फुरसत नसते.

बायकांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथं माझा जीव अडकलेला आहे.

कोल्हापूरच्या बाईला खेळता येत नाही, असं कुणी म्हणू नये. गौरी आल्या की बघा. एरवी गुडघे धरून जिना उतरणारी बाई झिम्म्याला उभी राहते. फुगडीचा फेर धरला की वीस वर्षांच्या पोरीला दम लागतो पण तिला लागत नाही. घागर घुमते, सूप नाचतं, काटवट कणा होतो, उखाणे होतात, रात्र सरते. त्या रात्री त्या बायकांच्या चेहऱ्याकडं एकदा नीट बघा. वर्षभराचं सगळं त्या फेरात गळून पडलेलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी गौरी विसर्जन झालं की सगळं पुन्हा बंद, ते थेट पुढच्या भाद्रपदापर्यंत. जे औषध आपल्या हाताशी आहे ते आपण वर्षातून एकदाच घेतो. अलीकडं मंडळं झिम्मा-फुगडीच्या स्पर्धा घेतात, बक्षिसं ठेवतात, चांगलं आहे. पण स्पर्धा आली की ज्यांना जमतं त्याच उतरतात आणि बाकीच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतात. मला टाळ्या वाजवणाऱ्या बायकांना फेरात आणायचं आहे. परीक्षक नको, नंबर नको, मोबाईलचं चित्रीकरण तर मुळीच नको. चारचौघीत घाम येईस्तोवर फुगडी घालायची आणि घरी जायचं.

मर्दानी खेळ हीसुद्धा आपल्या शहराची मोठी ठेव. आता मुलीही लाठी फिरवतात, दांडपट्टा शिकतात. लाठी हातात घेऊन पंधरा मिनिटं दोन्ही बाजूंनी फिरवली की खांद्यातली आखडलेली गाठ सुटते आणि चित्त एका जागी येतं. नजर हलली की लाठी आपल्यालाच लागते, म्हणून दुसरा विचार करायला वावच राहत नाही. हे तीस-चाळीस वर्षांच्या बायकांना शिकवायला काय हरकत आहे? प्रत्यक्ष मिरवणुकीत उतरवायचं नाही. त्यांच्यापुरतं.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही बायका एका तालमीत गेलो होतो. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. वरचा हॉल दुपारी मोकळा असतो, तो तासभर मिळेल का, असं विचारलं. तिथला कार्यकर्ता वाईट बोलला नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. पण म्हणाला, "ताई, तालमीत बायकांचं काय काम? लोक काय म्हणतील?" आम्ही उठून आलो. ते वाक्य मला अजून बोचतं, आणि ते बोलणारा मुलगा चांगला होता म्हणून जास्त बोचतं. पुरात तोच आमच्या दारात होडी घेऊन आला असता.

तुमच्या अडचणी मला समजतात. हौदाची माती पवित्र मानतात, तिथं पायताण घालून कुणी जात नाही, बजरंगबलीच्या तसबिरीपुढं दिवा लावूनच मेहनत सुरू होते. ती शिस्त कुणीही मोडू नये. आम्ही हौद मागत नाही. याच जिल्ह्यातल्या मुली आज कुस्तीत नाव काढत आहेत आणि त्यांच्या अंगालाही हीच माती लागते, तेव्हा तोही विचार पुढं कधीतरी तुम्ही स्वतःच कराल. आज मागणं फक्त वरच्या हॉलचं, समोरच्या पटांगणाचं, नाहीतर नुसत्या ओसरीचं आहे. काही तालमींनी व्यायामशाळा काढल्या आहेत, कुठं कुठं बायकांसाठी वेगळी वेळही आहे. त्यांचं कौतुक. पण व्यायामशाळेला महिन्याची फी असते, यंत्रं असतात, आणि पन्नाशीची बाई तिथं पहिल्या दिवशी अवघडून उभी राहते ती दुसऱ्या दिवशी येत नाही.

पैलवानांच्या मेहनतीची वेळ पहाटेची आणि दुपारनंतरची. फुटबॉलची पोरं सराव मैदानावर करतात. मधले कितीतरी तास जागा कुलपात असते. त्यातला कुठला तास द्यायचा ते तुम्ही ठरवा. घरी असणाऱ्या बायकांना दुपारी चारच्या आधीचा सोयीचा, कामावर जाणाऱ्यांना रात्री आठच्या पुढचा. आठवड्यातले तीन दिवस हा आणि तीन दिवस तो, असंही चालेल.

त्या तासात करायचं काय, याचा फार मोठा आराखडा नको. सुरुवातीला जागच्या जागी चालणं, हात-खांदे-मान मोकळी करणं. मग ज्याला जमतील तशा बैठका. गुडघे दुखणाऱ्यानं खुर्ची धरून चार केल्या तरी पुरे. तुमच्यातले वस्ताद वयानं थकले असतील, आता हौदात उतरत नसतील, पण त्यांच्या नजरेला अजून कळतं की कुणाची पाठ वाकडी होते आहे आणि कुणी श्वास कोंडून धरला आहे. त्यांना बोलवा. आयुष्यभर कमावलेलं ज्ञान त्यांच्याजवळ पडून आहे आणि त्यांच्यासारखा शिकवणारा पैसे देऊन मिळणार नाही. त्यांनाही कुणीतरी ऐकणारं मिळेल. शेवटी दहा मिनिटं सतरंजीवर आडवं पडून स्नायू आवळणं-सोडणं आणि लांब श्वास. उरलेल्या वेळात कुणी कॅरम खेळो, कुणी भजन म्हणो, कुणी नुसतं बोलत बसो. बोलत बसणं हेही औषधच आहे. मोबाईल दाराशी एका टोपलीत ठेवायचा एवढाच नियम करा. महिन्यातून एका रविवारी सगळ्यांनी मिळून रंकाळ्याची फेरी मारायची आणि चौपाटीवर भेळ खाऊन परतायचं. मंडळाच्या नावानं निघालं की घरातूनही कुणी अडवत नाही. तालमीच्या नावाला या शहरात तेवढं वजन आहे, आणि तेच वजन आमच्या कामाला यावं.

पुरुषांचंही दुःख मी बघते. कट्ट्यावर बसलेला माणूस दिवसभर बोलत असतो, पण स्वतःच्या मनातलं कधीच बोलत नाही. राजकारण बोलतो, फुटबॉल बोलतो, कुणाची जागा कितीला गेली ते बोलतो. धंदा बसलाय, पोरगा ऐकत नाही, रात्री छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, हे तोंडातून निघत नाही. कारण पेठेतला गडी असं बोलत नसतो. मग कुणी बाटलीत जातो, कुणी मटक्यात, कुणी मोबाईलवरच्या जुगारात पगार घालवतो. तुमच्या मंडळातलीही अशी नावं तुमच्या डोळ्यांपुढं आली असतील. पोराच्या पाठीवर हात ठेवून "काय झालंय रे, सांग की," असं विचारणारा वस्ताद हा तालमीचा खरा कणा होता. आज मंडळाला अध्यक्ष असतो, उपाध्यक्ष असतो, संघाचा प्रशिक्षक असतो. पण असं विचारणारं माणूस प्रत्येक ठिकाणी असतंच असं नाही. त्या एका तासात ते पुन्हा येऊ शकतं.

आणि जिथं हे पुरणार नाही तिथं थांबून राहू नका. चालणं, श्वास, फुगडी, गप्पा हे रोजच्या ताणावर चालतं. पण एखाद्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली, जेवण तुटलं, कशातच मन लागेनासं झालं, जगून काय करायचं असं तो बोलायला लागला, तर तो आजार आहे आणि त्याला डॉक्टर हवा. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा फुकट नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. कुठल्या गटात कुणाचा वाढदिवस आहे याचे मोठाले फलक आपण लावतो. त्यांच्याच शेजारी हा नंबर मोठ्या अक्षरांत रंगवा. एका रंगाच्या डब्याचा खर्च आहे.

एक गोष्ट मन घट्ट करून लिहिते, राग मानू नका. ज्या गल्लीला तुम्ही हा विसावा द्याल, त्याच गल्लीत गणपतीच्या आणि जयंत्यांच्या मिरवणुकीला स्पीकर रचून आवाजाच्या भिंती उभ्या राहतात. घराची तावदानं हलतात. रक्तदाबाचे पेशंट कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसतात, तान्ही पोरं दचकून उठतात, परीक्षेची पोरं वह्या मिटतात. आपल्याकडं ढोल आहे, हलगी आहे, लेझीम आहे, धनगरी ढोल आहे. हलगी कडाडली की अंगावर काटा येतो आणि पाय आपोआप उचलतात. तिच्यात माणूस मोकळा होतो. भिंतीच्या आवाजात तो फक्त बधिर होतो. ज्या मंडळांनी भिंती बंद करून पारंपरिक वाद्यं आणली त्यांच्या मिरवणुकीत बायका-पोरं शेवटपर्यंत चालतात, हे तुम्हीही बघितलं असेल.

पैशाचं म्हणाल तर काहीच लागत नाही. सतरंज्या आम्ही आणू. झाडलोट आम्ही करू. लाईटबिलाचा वाटा वर्गणीसारखा गोळा करून देऊ. बायकांच्या तासाला दाराशी एखादी जबाबदार वयस्क बाई बसेल, ती माणसं गल्लीतच आहेत. सुरुवातीला चौघीच येतील, दोन महिन्यांनी जागा पुरणार नाही.

पेठापेठांतली ईर्ष्या मला ठाऊक आहे. स्टेडियमवर ती बघताना मीही घरात टीव्हीपुढं उठून उभी राहिलेली आहे. या कामात ती ईर्ष्या जरूर करा. त्या तालमीत साठ माणसं येतात तर आपल्याकडं शंभर आली पाहिजेत, त्यांनी बायकांना लाठी शिकवली तर आपण आजोबांसाठीही वेगळी वेळ काढू, अशी चढाओढ लागली तर पेठेतलं कोणतंच घर हरणार नाही.

गणपतीच्या वर्गणीची बैठक बसेल तेव्हा हा विषय घ्या. हो म्हणा, नाही म्हणा, पण बैठकीत घ्या, आणि त्या बैठकीला गल्लीतल्या दोन-चार बायकांनाही बोलवा; आम्ही मागं बसून ऐकू आणि विचारलंत तर बोलू. ठरलं तर तालमीच्या दारावरच्या फळ्यावर दोनच ओळी लिहा : कोणता तास, आणि किल्ली कुणाकडं मागायची.

आपली,
शिवाजी पेठेतली एक रहिवासी